तीनशे डॉलरची बंदूक, पस्तीस वारांचा पल्ला

अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात दोन शेतांच्या मधल्या बांधावर अजूनही ओसेज ऑरेंजच्या रांगा दिसतात. काटेरी तारेचे गाजलेले पेटंट १८७४ सालचे. त्याआधी गुरे अडवायची ती याच काटेरी झाडांनी, आपल्याकडे बांधाला शेर किंवा घायपात लावतात तशी. तार आली, झाडांची गरज संपली, पण झाडे राहिली. त्यांच्या बुंध्याशी गवत आणि काटक्यांचे असे जाळे माजते की कॉटनटेल ससा त्यात वर्षभर दडून राहतो. सशामागे कायोटी येतो. आपल्या कोल्ह्याचाच हा भाऊबंद, पण अंगाने मोठा: दहा ते सोळा किलोपर्यंत भरतो आणि हिवाळ्यात दाट केसांमुळे त्याहून थोराड दिसतो.

या बांधावर सावज दिसते ते पंधरा ते पस्तीस यार्डांवर. यार्ड म्हणजे आपला जुना वार, तीन फुटांचा. मोकळ्या माळावर दोनशे वारांवरून कायोटी टिपायचा तर रायफल लागते. झाडीत तो अचानक पुढ्यात येतो आणि दोन-तीन सेकंदांत नाहीसा होतो, तिथे छऱ्यांची बंदूक हवी. बंदुकीची निवड या अंतरापासून सुरू करावी, दुकानातल्या किमतीच्या चिठ्ठीपासून नाही. पस्तीस वारांवर, ठरावीक काडतुसाने, जनावर जागच्या जागी पडेल इतके छर्रे ठरावीक जागेत पाडणे एवढेच बंदुकीचे काम आहे. ते करणारी बंदूक अडीचशे-तीनशे डॉलरांत मिळते. न करणारी दीड हजारांतही मिळते.

मराठी माणसाचा या हत्याराशी संबंध बहुधा शब्दांपुरताच असतो. बारा बोअर, दुनळी, ठासणीची बंदूक हे शब्द कोकणात पीकसंरक्षणाच्या परवान्यांमुळे अजून जिवंत आहेत. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर भारतात शिकारीचा छंद उरला नाही, आणि तेच योग्य आहे. तिथे ससा आणि कोल्हा दोघेही संरक्षित आहेत. अमेरिकेतली गोष्ट वेगळी. तिथे शिकार हा वन्यजीव व्यवस्थापनाचा भाग आहे. १९३७च्या पिटमन-रॉबर्टसन कायद्याने लांब नळीच्या बंदुका आणि काडतुसे यांवर ११ टक्के अबकारी कर बसतो आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. तिकडे स्थायिक झालेले, शेजाऱ्याबरोबर पहिल्यांदा बांधावर जाणारे मराठी लोक आता कमी नाहीत. प्रत्येकाचा पहिला प्रश्न ठरलेला: कोणती घेऊ?

आधी बोअरचा हिशेब. एक रत्तल शिशाच्या बारा सारख्या गोळ्या केल्या तर त्यातली एक ज्या नळीत नेमकी बसेल ती बारा बोअर. वीस गोळ्या केल्या तर वीस बोअर. म्हणून आकडा वाढला की नळी बारीक होते. बाराची नळी आतून १८.५ मिलिमीटर, विसाची १५.६. फोर-टेन मात्र या हिशेबात बसत नाही. तो थेट इंचातला व्यास आहे, ०.४१० इंच.

हे आकडे पाठ करायची गरज नाही, त्यांतून छर्रे किती निघतात ते पाहावे. सहा नंबरचे शिशाचे छर्रे (नंबर जितका मोठा तितका छर्रा बारीक) एका औंसात सुमारे २२५ बसतात. बारा बोअरच्या नेहमीच्या १⅛ औंसाच्या काडतुसात ते अडीचशेच्या वर होतात. वीस बोअरच्या ⅞ औंसात दोनशेच्या जवळपास. फोर-टेनच्या अर्ध्या औंसात जेमतेम ११२. आता कुणी मुलासाठी किंवा नवशिक्यासाठी 'हलकी म्हणून' फोर-टेन घेतो तेव्हा काय होते? धक्का कमी बसतो हे खरे, पण ज्याचा नेम अजून पक्का नाही त्याच्या हाती आपण निम्मे छर्रे देतो. ससा पायाला लागून बिळात शिरतो आणि तिथे दोन दिवसांनी मरतो. फोर-टेन हे मुरलेल्या शिकाऱ्याचे हत्यार आहे. नवशिक्याला वीस बोअर द्यावी, आखूड दस्त्याची, म्हणजे खांद्याला टेकणारा मागचा भाग तोकडा असलेली. सशाला आणि खारीला ती भरपूर होते.

कायोटी आणि ससा दोन्ही एकाच बंदुकीवर करायचे असतील तर बारा बोअर घ्यावी. काडतुसांची विविधता तिच्यात सर्वात जास्त, आणि गावातल्या हार्डवेअरच्या दुकानातही तिची पेटी मिळते. चेंबर, म्हणजे नळीत काडतूस बसते ती जागा, तीन इंचांची असली की पुरे. त्यात पावणेतीन इंची काडतूसही चालते. साडेतीन इंची चेंबर १९८८ साली बदकांच्या शिकारीसाठी, शिशाऐवजी पोलादी छर्रे आले तेव्हा निघाली. बांधावरच्या कामाला तिचा उपयोग नाही. जास्त पैसे द्यायचे आणि खांदा सुजवून घ्यायचा एवढेच तिच्यातून मिळते.

आता बंदुकीची जात. एकनळी मोडती बंदूक सर्वात स्वस्त. मध्ये मोडायची, एक काडतूस घालायचे, मिटायची, घोडा मागे ओढायचा, चाप दाबायचा. बिघडण्यासारखे तिच्यात जवळजवळ काही नाही. पण ती हलकी असते, पाच-साडेपाच पौंडांची, आणि बंदूक जितकी हलकी तितका तिचा धक्का खांद्याला जास्त लागतो. तीन इंची मॅग्नम, म्हणजे जास्त जोराचे, काडतूस अशा बंदुकीतून एकदा उडवले की माणूस पुढच्या वेळी चाप दाबण्याआधीच डोळे मिटतो. ही सवय लागली की महिनोन्‌महिने जात नाही. शिवाय कायोटी पहिल्या बाराने जखमी झाला तर दुसरा बार लगेच हवा, आणि एकनळीत तो नाही. सशापुरती, पावणेतीन इंची हलक्या काडतुसांपुरती एकनळी सुंदर हत्यार आहे.

दुनळी देखणी खरी, पण स्वस्त दुनळी हा फसवा सौदा आहे. दोन नळ्या एकाच बिंदूकडे रोखल्या जातील अशा जुळवणे हे कसबी कारागिराचे काम, त्याचे पैसे कुणीतरी मोजावेच लागतात. कमी किमतीच्या दुनळीत एक नळी मधोमध मारते आणि दुसरी चाळीस वारांवर फूटभर बाजूला, असे घडते. तुर्कस्तानात कोन्या प्रांतातल्या बेयशेहिर भागात हूलू आणि उझुम्लू ही गावेच बंदुकांच्या कारखान्यांची आहेत, आणि तिथून चांगला मालही येतो. मात्र आयात करणारी कंपनी दोन-तीन वर्षांत बंद पडली की फायरिंग पिनसुद्धा, म्हणजे काडतुसावर आदळणारी खिळीसुद्धा, मिळत नाही. तुर्की बंदूक घ्यायची तर अमेरिकेत तिचे सुटे भाग कोण ठेवतो हे आधी विचारावे.

स्वस्त सेमी-ऑटोमॅटिकचे दुखणे निराळे. बार उडाल्यावर तयार होणाऱ्या वायूवर किंवा धक्क्यावर ती पुढचे काडतूस भरते. हलके काडतूस घातले की तो जोर कमी पडतो, रिकामे टरफल बाहेर पडता पडता अडकते. थंडीत जाड तेल गोठले की तेच. महागड्या सेमी-ऑटोत हे दोष बहुतांशी काढलेले असतात, कमी पैशांत नाही.

राहिली पंप. पुढची मूठ मागे ओढली की टरफल बाहेर, पुढे ढकलली की नवे काडतूस आत. यंत्र तुमच्या हाताच्या जोरावर चालते, काडतुसाच्या नाही. म्हणून हलके असो, जड असो, ओले असो, ती चालते. तिचा एकच खोडसाळपणा माणसाच्या हातून होतो: घाईत मूठ पूर्ण मागे न जाता पुढे ढकलली जाते, जुने टरफल निघत नाही किंवा नवे उचललेच जात नाही. त्याला उपाय सरावाचा. बिनदारूची सरावाची काडतुसे, ज्यांना स्नॅप कॅप म्हणतात, ती घेऊन घरी रोज वीस वेळा जोरात, टोकापर्यंत मूठ ओढावी. हळुवारपणा इथे कामाचा नाही.

नावेच हवी असतील तर तीन घेतो. मॉसबर्ग ५०० ही १९६१पासूनची, सेफ्टीचा खटका वरती अंगठ्याखाली, त्यामुळे डावखुऱ्यालाही सोयीची. तिचीच धाकटी बहीण मॅव्हरिक ८८, नवी कोरी अडीचशे डॉलरच्या आगेमागे. खटका चापाच्या पुढे आडवा, दस्ता साधा प्लास्टिकचा, झिलई नाही. पण नळी ५००ची बसते, बोअर आणि मॅगझिनची (जास्तीची काडतुसे राहतात त्या खालच्या नळीची) क्षमता सारखी असली म्हणजे झाले. अठ्ठावीस इंची नळीची, तोंडाशी चोक (छऱ्यांचा फैलाव आवळणारी चिमट) बसवायच्या आट्या असलेली मॅव्हरिक घ्यावी. अठरा इंची, आट्या नसलेली घरच्या संरक्षणाची असते, ती या कामाची नाही. दुकानात दोन्ही शेजारी टांगलेल्या असतात आणि स्वस्तातली म्हणून माणूस नेमकी चुकीची उचलतो. तिसरी रेमिंग्टन ८७०, १९५० सालापासूनची, एक कोटीहून अधिक बनलेली. तिचीच पोलादी सांगाड्याची जुनी आवृत्ती विंगमास्टर वापरलेल्या मालात तीनशे-चारशेला मिळाली तर डोळे मिटून नव्हे, डोळे उघडून घ्यावी.

डोळे उघडून म्हणजे कसे ते सविस्तर सांगायला हवे, कारण कमी पैशांतली सर्वात चांगली बंदूक वापरलेलीच असते आणि सर्वात वाईटही तीच.

हातात घेताच पहिले काम: मूठ मागे ओढून चेंबर उघडायची, डोळ्यांनी पाहायचे आणि करंगळी घालून चाचपायचे. मॅगझिनच्या तोंडातही बोट. विकणारा 'रिकामी आहे' म्हणाला तरीही. मग नळी काढायला सांगावी. पंपची नळी मॅगझिनच्या टोकाचे झाकण उलगडले की निघते, एक मिनिटाचे काम. जो काढू देत नाही त्याच्याकडून घेऊ नये.

नळी खिडकीकडे धरून आतून पाहावी. आरशासारखी चकाकी आणि एकात एक बसलेली गोल वर्तुळे दिसली पाहिजेत. मध्येच काळपट कडे दिसले तर तिथे नळी फुगली आहे: कधीतरी तोंडात चिखल किंवा बर्फ असताना बार उडाला. अशी नळी टाकून द्यायची, बंदूक नाही; पंपला नवी नळी मिळते आणि तिची किंमत सौद्यातून वजा करून मागता येते. बारीक काळे खड्डे म्हणजे गंज. चेंबरमध्ये खड्डे किंवा खरखरीत कड असेल तर स्वस्त काडतुसांची टरफले चिकटतात, मूठ मागे येत नाही, गुडघ्यावर आपटून ओढावी लागते. काही स्वस्त नव्या पंपमध्येही चेंबर अशी राकट सुटते. ती घासून गुळगुळीत करता येते, पण ते काम बंदूक दुरुस्त करणाऱ्याकडून करून घ्यावे.

मग बंदूक जोडायची, तीन स्नॅप कॅप भरायच्या आणि चालवायची. तिन्ही कॅप एकामागून एक भरल्या जातात का? टरफल उजवीकडे जोमाने उडते का, की तिथेच पडते? तिथेच पडत असेल तर टरफल ओढून काढणारा एक्स्ट्रॅक्टर किंवा ते बाहेर फेकणारा इजेक्टर झिजलेला असू शकतो. तो बदलता येतो. सेफ्टी लावून चाप जोरात दाबावा, सोडावा, मग सेफ्टी काढावी. काढताच 'टक' आवाज झाला तर बंदूक परत द्यावी, कितीही स्वस्त असो.

एकनळी किंवा दुनळी असेल तर पुढची लाकडी मूठ काढून, बंदूक मिटवून, दस्ता धरून हलवावी. नळी आणि सांगाडा यांच्यात खुळखुळ जाणवली तर बिजागर झिजली आहे. वरची चावी मिटल्यावर थोडी उजवीकडे थांबते ती चांगली. मधोमध किंवा डावीकडे गेलेली चावी म्हणजे कुलूप झिजत आले. आणि शेतावरच्या लिलावात आजोबांची म्हणून जी नक्षीदार दुनळी निघते, तिच्या नळीवर लाकडाच्या रेषांसारखी वळणे दिसली तर ती दमास्कस नळी: लोखंडाच्या आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, ठोकून जोडलेली. आजचे काडतूस तिच्यात घालू नये. भिंतीवर लावावी. जुन्या युरोपीय दुनळ्यांची चेंबर अडीच इंचांची असते, हाही धोका. पावणेतीन इंची काडतूस तिच्यात बसते, कारण ही लांबी उडाल्यानंतर उघडलेल्या टरफलाची असते. पण उघडायला जागा न मिळाल्याने दाब भलताच वाढतो.

बंदूक अंगाला बसते का, हे कुणी सांगत नाही आणि सर्वात जास्त चुका इथे होतात. छऱ्यांच्या बंदुकीला मागची माशी नसते. मागची माशी म्हणजे तुमचा डोळा. दस्ता गालाला जिथे टेकतो त्यावर डोळा कुठे येतो ते ठरते, आणि डोळा कुठे आला त्यावर बार कुठे जातो ते. दुकानात रिकाम्या बंदुकीने एक परीक्षा करावी: भिंतीवरच्या एका ठिपक्याकडे पाहायचे, डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावून गाल टेकवायचा, डोळे उघडायचे. पुढची माशी सांगाड्याच्या वरच्या कडेवर अलगद बसलेली दिसली तर बंदूक तुमची. नळीचा पाठीचा पट्टा लांबलचक दिसला तर डोळा उंच आहे, बार वर जाईल. सांगाड्याची मागची कडच समोर आली तर डोळा खाली, बार खाली. डोळा खाली येत असेल तर गालाखाली लावायची फोमची पट्टी पुरते, दहा-पंधरा डॉलरांची.

ही परीक्षा हिवाळ्यातले जॅकेट घालून करावी. अमेरिकेच्या मध्यपश्चिमेत कायोटीचा हंगाम म्हणजे जानेवारीतली बोचरी थंडी. जाड जॅकेटमुळे दस्ता दोन-अडीच सेंटीमीटरने लांब झाल्यासारखा होतो आणि वर आणताना काखेत अडकतो. चौदा इंची नेहमीचा दस्ता मध्यम उंचीच्या मराठी माणसाला अनेकदा लांबच पडतो. तरुणांसाठीच्या मॉडेलमध्ये दस्ता आखूड करण्याचे तुकडे येतात. ती 'मुलांची' म्हणून नाक मुरडू नये.

चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी दिलेली किंचित चिमट. बारा बोअरमध्ये इम्प्रूव्हड सिलिंडर दहा सहस्रांश इंचाची, मॉडिफाइड विसाची, फुल पस्तीस ते चाळिसाची. जुना दंडक असा: चाळीस वारांवर तीस इंची वर्तुळात इम्प्रूव्हडने निम्मे छर्रे पडावेत, मॉडिफाइडने साठ टक्के, फुलने सत्तर. सशाला पंधरा-वीस वारांवर इम्प्रूव्हड लावावी, सहा नंबरचे शिशाचे छर्रे घालून. त्याच अंतरावर फुल लावली तर ससा मिळतो, मांस मिळत नाही. उंच ओकवर बसलेल्या खारीला मॉडिफाइड किंवा फुल आणि पाच-सहा नंबर. मॉसबर्ग आणि मॅव्हरिकच्या नेहमीच्या चोकनळ्यांच्या आट्या जुन्या विंचेस्टरच्या विनचोकशी जुळतात, त्यामुळे या चोकनळ्या स्वस्तात आणि ढिगाने मिळतात. घेताना आटीचे नाव पाहूनच घ्यावे.

छऱ्याचा आकडा आणि आकार यांचा एक सोपा मेळ आहे. सतरातून नंबर वजा करा, उरेल तेवढे शतांश इंच. सहा नंबर म्हणजे ०.११ इंच, चार नंबर म्हणजे ०.१३. पोलाद शिशापेक्षा हलके, म्हणून पोलादी छर्रे दोन नंबर मोठे घ्यावेत. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९पासून कोणत्याही शिकारीला शिसे चालत नाही. इतरत्रही काही सार्वजनिक क्षेत्रांत बंदी असते. जुन्या फुल चोकच्या नळीतून पोलाद मुळीच उडवू नये, तोंडाशी नळी फुगते.

कायोटीसाठी लोक पहिली झडप घालतात ती डबल-ऑ (००) बकशॉटवर, म्हणजे मोठ्या दाण्यांच्या काडतुसावर. नऊ मोठे दाणे, प्रत्येक ०.३३ इंचाचा, ऐकायला दणकट. हिशेब करून पाहा. चाळीस वारांवर फुल चोकने सत्तर टक्के धरले तर तीस इंची वर्तुळात सहा दाणे. कायोटीच्या छातीतला जीवघेणा भाग म्हणजे सुमारे नऊ इंचांचे वर्तुळ, त्या मोठ्या वर्तुळाच्या क्षेत्रफळाचा नऊ टक्के. सहा दाण्यांपैकी तिथे अर्धा येतो. म्हणजे दोनातल्या एका वेळी छातीत काहीच नाही, आणि पोटात किंवा मागच्या पायात एक दाणा घेऊन जनावर पळते. तीन इंची काडतुसातल्या चार नंबर बकशॉटचे (बकशॉटचे नंबर वेगळे, हा वरच्या ०.१३ इंची चार नंबराहून बराच मोठा) एक्केचाळीस दाणे असतात. त्याच हिशेबाने छातीत अडीच येतात. शिशाचा बीबी छर्रा घेतला तर दीड औंसात पंचाहत्तरच्या आसपास, छातीत साडेचार-पाच. फैलाव मध्याशी थोडा दाट असतो म्हणून प्रत्यक्षात आकडा जरा बरा निघतो, पण दिशा तीच राहते. चार नंबर बक किंवा बीबी, आणि अंतर पस्तीस वार. टंगस्टनचे छर्रे शिशाहून जड, चाळीस-पन्नास वारांवरही जातात, पण एकेक काडतूस काही डॉलरांचे. पहिल्या हंगामाला त्यांची गरज नाही. अंतर कमी करायला शिकणे स्वस्त आहे.

हा सगळा कागदावरचा हिशेब. दोन सारख्या बंदुका, एकच चोक, एकच काडतूस, तरी फैलाव वेगळा पडतो. म्हणून प्रत्येक बंदुकीची पाहणी तिच्यापुरती करावीच लागते, आणि बंदुकीत वाचवलेले शंभर डॉलर इथे घालावेत. किराणा सामान गुंडाळायचा रुंद तपकिरी कागद घ्या, चार फूट बाय चार फूट, मागे पुठ्ठा. मध्ये मार्करने मुठीएवढा ठिपका. पस्तीस वार टेपने मोजा, पावलांनी नको. पावले नेहमी कमी भरतात. पिशवीवर किंवा टेबलावर बंदूक टेकवून, रायफलसारखा नेम धरून, एका कागदावर एकच बार. प्रत्येक जातीच्या काडतुसाचे तीन बार, तीन कागद. एका बारावर निष्कर्ष काढू नये.

आता फैलावाचा सर्वात दाट भाग डोळ्यांनी शोधून त्याभोवती पंधरा इंची दोरीने तीस इंचांचे वर्तुळ काढा. त्याचा मध्य तुमच्या ठिपक्यापासून किती दूर आहे ते पाहा. तीन इंचांपर्यंत चालते. सहा-आठ इंच खाली किंवा बाजूला असेल तर दस्ता बसत नाही किंवा नळीच वाकडी आहे. मग पुठ्ठ्याची नऊ इंची चकती कापा आणि ती वर्तुळात कुठेही ठेवून आतली भोके मोजा. मध्यावर ठेवाल तर सुखद आकडा मिळेल. खरी गोष्ट कळते ती चकती कडेकडेने सरकवत नेल्यावर. कुठेतरी तळहाताएवढी मोकळी जागा सापडते, एकही भोक नसलेली. ती मोकळी जागा म्हणजे उद्याचे जखमी जनावर. चार नंबर बकने मध्यावरच्या चकतीत चार-पाचाहून कमी भोके पडत असतील तर काडतुसाचा छाप बदला, मग चोक बदला. सर्वात घट्ट चोक सर्वात चांगली असेल असे धरू नका. मोठे दाणे फार घट्ट चोकमधून एकमेकांवर चेपले जातात आणि फैलाव उलट विस्कटतो. बकशॉटला पुष्कळदा मॉडिफाइडच जास्त समाधान देते. पस्तीसला जमत नसेल तर तीस वारांवर पुन्हा. जिथे तिन्ही कागद चांगले येतात ते तुमच्या बंदुकीचे अंतर. ते आकड्यात लिहून दस्त्यावर चिकटवून ठेवावे, चाळिसावर उभा असलेला कायोटी मोह घालतो तेव्हा वाचायला.

बांधावर बसताना वारा महत्त्वाचा. जखमी सशाचा आवाज काढणारे यंत्र पंचवीस-तीस वारांवर ठेवायचे, तेही वाऱ्याला आडवे. कायोटी आवाजाकडे सरळ येत नाही, वळसा घालून वाऱ्याच्या खालच्या अंगाला जातो, वास घेतो. तो वळसा जिथून जाईल तिथेच, झाडाला पाठ लावून, पस्तीस वारांत बसावे. येताना त्याच अंतराच्या दोन-तीन खुणा नजरेत धरून ठेवाव्यात, एक वाळलेले खोड, एक खांब. खुणेच्या आत आल्याशिवाय हात हलवायचा नाही. पंधरा-वीस मिनिटांत काही आले नाही तर जागा बदलावी.

कायद्याचे थोडक्यात, पण मराठी वाचकाने हे नीट वाचावे. एच-१बी किंवा एफ-१ अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर असलेल्या माणसाला संघीय कायद्याने बंदूकच नव्हे, काडतूसही बाळगता येत नाही. मित्राची हातात घेतली तरी तो ताबाच. अमेरिकेतल्या राज्याचा वैध शिकार परवाना असणे हा त्यातला एक अपवाद आहे, त्यामुळे परवाना आधी, बंदूक नंतर. ग्रीन कार्ड असेल तर ही अडचण नाही. दुकानात ४४७३ क्रमांकाचा फॉर्म भरावा लागतो. दुसऱ्यासाठी बंदूक घेऊन आपल्या नावावर दाखवणे हा गुन्हा आहे. कॅन्ससमध्ये कायोटीला बंद हंगाम नाही, पण १ जुलै १९५७ किंवा त्यानंतर जन्मलेल्याला शिकारीचा अभ्यासक्रम केल्याशिवाय नेहमीचा परवाना मिळत नाही. जमीन बहुतेक खाजगी, परवानगी विचारावीच लागते. राज्याच्या वॉक-इन हंटिंग ॲक्सेस योजनेतली शेते मात्र खुली असतात.

घरात बारा आणि वीस बोअर दोन्ही असतील तर एक धोका कायमचा लक्षात ठेवावा. वीस बोअरचे काडतूस पिवळे असते ते शोभेसाठी नाही. जॅकेटच्या खिशात चुकून राहिलेले ते एक काडतूस बारा बोअरच्या चेंबरमध्ये टाकले की घसरून पुढे जाते आणि नळीत, चेंबरच्या जरा पुढे, अडकून बसते. चाप दाबला, 'टक' झाले, बार नाही. माणूस उघडून पाहतो, चेंबर रिकामी दिसते, तो बाराचे काडतूस घालतो. पुढे डाव्या हाताच्या बोटांजवळ नळी फुटते. एका जॅकेटमध्ये एकाच बोअरची काडतुसे, आणि घरी आल्यावर सगळे खिसे उलटे.

बर्फातून चालताना नळीच्या तोंडावर इलेक्ट्रिकची चिकटपट्टी आडवी लावावी. बार तिच्यातून निघून जातो, तिने काही बिघडत नाही, पण पडलात तरी बर्फ आत जात नाही. चोकनळी दर वेळी हाताने घट्ट आहे का पाहावी. सैल झालेली चोकनळी छऱ्यांनी उचकटली जाते. आणि चोक काढून, नुसत्या आट्यांवर बार कधी उडवू नये, आट्या कायमच्या जातात. घरी आल्यावर नळी ब्रशने घासून, सॉल्व्हंट लावून, कापडाचा बोळा पांढरा निघेपर्यंत पुसावी. काडतुसातल्या प्लास्टिकचा चिकट थर चोकपाशी साठतो, तिथे जास्त घासावे. तेलाचे दोन-तीन थेंब पुरतात. थंडीत जास्तीचे तेल यंत्र जड करते. चोकच्या आट्यांना बोटाने ग्रीस लावून ती परत बसवावी, नाहीतर हंगाम संपेपर्यंत ती नळीला अशी धरते की पान्यानेही निघत नाही.